कोरडी पेटी

अकोला,
२४ एप्रिल १९६३

भागीरथाबाईस देवमनचा सविनय जयभीम.

पत्रिका मिळाली. ललिताचे लग्न ५ मे रोजी, रविवारी, हे वाचून फार आनंद झाला. परंतु कळविण्यास वाईट वाटते की, कामाच्या ताणामुळे मला त्या दिवशी अमरावतीस येणे जमणार नाही. आमच्या बिनतारी केंद्रात माणसे कमी आहेत आणि माझी जबाबदारी मोठी आहे. मुलीचा मामा लग्नास नसणे बरे दिसत नाही, हे मला समजते. तरी क्षमा असावी.

मी नेमके काय करतो असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. आमच्या बिनतारी संचाला जोरदार वीज लागते. ती देणारी एक लहानशी फिरती मोटर असते, नारळाहूनही लहान. तिच्यात खडूच्या तुकड्याएवढे दोन कार्बन असतात. ते फिरत्या तांब्यावर टेकून घासत राहतात आणि त्यांच्यातून वीज जाते. ती मोटर सांभाळणे हे माझे काम. जानेवारीत वरून परिपत्रक आले की, हवेतील ओल ही यंत्राची शत्रू आहे, सबब प्रत्येक मोटर बंद पेटीत ठेवावी व आत कोरड्या खड्यांची पिशवी ठेवावी. हे खडे वाळूच्याच जातीचे, कारखान्यात केलेले. कोरडे असले की निळे दिसतात, ओल पिऊन गुलाबी होतात. मग शेगडीवर भाजले की पुन्हा निळे. परिपत्रकात महिन्यातून एकदा भाजा असे आहे, मी रोज भाजतो. लेखी आले ते तंतोतंत पाळावे, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही, असे आपले बाबा म्हणत, ते तुला आठवत असेल.

ललितासाठी लुगडे सहदेवच्या हाती पाठवीत आहे. तो माझ्यासोबत काम करतो. भावजींस जयभीम.

तुझा,
देवमन

अमरावती,
९ मे १९६३

देवमन,

आशीर्वाद लिहायचं मन नव्हतं. मोठी हाये म्हणून लिहून राहिली.

लग्न झालं. तुयाबिगर झालं. पोरीच्या मागं उभं राहायले मामा पायजे, तर मांडवात सारे माया तोंडाकडे पाहून राहिले होते. तानुबाई, आपली आत्या, साऱ्याइच्या समोर म्हणे, "देवमन सायेब झाला आता, गिरणीतल्या बहिणीच्या दारात कायले येते तो?" म्या हसून घेतलं अन् आत जाऊन डाळीच्या पोत्यावर बसून रडली. शेवटी शेजारणीच्या भावाले उभं केलं. परका माणूस, देवमन! त्याले तर पोरीचं नावही धड माईत नव्हतं.

तीन घंट्याची यष्टी हाये रे. अकोला काय समुद्रापार हाये? कामाचा ताण म्हणतो. मी बडनेऱ्याच्या गिरणीत रिळ खात्यात आठ घंटे उभी राहतो, तरी तू मॅट्रिकले होता तवा तुया डबा चुकू देला नाही. अंजनगावले माय मेली तवापासून तुले म्याच वाढवलं. अन् पत्र कसं लिहितो? "कळविण्यास वाईट वाटते." मले वाटलं कचेरीतून नोटीस आली.

माया अंगाले सूत चिकटलेलं असते, मी तुया सायबाइच्या पंगतीत शोभत नाही, एवढं सरळ लिहायचं होतं. लुगडं चांगलं हाये. ललिता नेसली. म्या नाही पाहिलं तिच्याकडे.

भागीरथा

अकोला,
१७ मे १९६३

बाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आता पुस्तकी भाषा बंद करतो अन् खरं सांगतो.

मले अकोला सोडायची बंदी हाये. सकाळी आठले अन् संध्याकाळी सहाले रजिस्टरमध्ये सही करा लागते. २० एप्रिलले आमचे केंद्रप्रमुख किसनराव यांनी कागद हातात देला. माझ्यावर चोरीचा आरोप हाये.

ते कार्बन सहा महिने टिकायला पाहिजेत. गेल्या साली टिकलेही. या फेब्रुवारीपासून पंधरा दिवसांत संपून राहिले, एप्रिलात आठ दिवसांत. नवीन पाकीट मागवलं की संपलंच. किसनरावांचं म्हणणं असं की, चांगले कार्बन मी जुन्या शहरातल्या रेडिओच्या दुकानात विकतो, अन् दगडावर घासलेले तुकडे यंत्रातले म्हणून दाखवतो. पेटीत काळी पूड निघते ती दाखवली, तर म्हणाले, "पूड काय, चुलीतूनही आणता येते."

कोणी तोंडावर काही बोलत नाही. पण माठाजवळ माझ्यासाठी वेगळा गिलास आला हाये. चार वर्षं नव्हता.

लग्नाच्या दिवशी मी मोटरीच्या खोलीतच बसून होतो. खोलीची एकुलती खिडकी मीच फटीत लांबी भरून बंद केली हाये, ओल येऊ नये म्हणून. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त. पेटीच्या झाकणाची फट मेणानं बुजवली. खडे आता दिवसातून दोनदा भाजतो. अन् बाई, जेवढं कोरडं करतो तेवढं झिजते. मोटर चिरचिर आवाज करते. ओल कोठून शिरून राहिली तेच समजून नाही राहिलं. मी आतल्या आत घुसमटून गेलो हावो.

नोकरी जाईल ते जाईल. पण बुधाजीचा पोरगा चोर निघाला, हे अंजनगावात जन्मभर ऐकावं लागेल. तुले कसं लिहिणार होतो? लग्नघरी हे लिहायचं असते काय?

तानुआत्याले काही सांगू नको.

देवमन

अमरावती,
२५ मे १९६३

देवमन बाळा,

जीव जळून गेला माया. अन् मी काय काय लिहून बसली! ते पत्र फाडून टाकजो. ललिता माहेरी आली हाये, तिले सांगतलं तर ती म्हणे, "माय, मामानं पुस्तकात लिहिल्यासारखं पत्र लिहिलं तवाच तुले समजायले पायजे होतं." खरं बोलली पोट्टी.

आता मी सांगतो ते नीट ऐक. तुया यंत्रातलं मले काही समजत नाही. पण तुया पत्रातली एक ओळ मले टोचून राहिली. जेवढं कोरडं करतो तेवढं झिजते. लेका, तूच लिहिलं अन् तूच वाचलं नाही!

आमच्या खात्यात छताले नळ्या हायेत. त्यातून पाण्याचा बारीक फवारा सोडतात, अंगावर पडलेला समजत नाही इतका बारीक. तुले वाटत असंन गारव्यासाठी. नाही. फवारा बंद पडला का घंटाभरात सूत तटातट तुटते. तुकडे जोडता जोडता बोटं फाटतात, साऱ्या अंगाले सूत चिकटते, लोखंडाले हात लावला का चटका बसते. मंग जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, बोंबलत पाण्याच्या माणसाकडे पळते. उन्हाळ्यात हवेत ओल नसली तर कापूस चालत नाही, हे आमच्यातली नवी पोट्टीही पहिल्या दिवशी शिकते.

म्हणून म्या आमच्या वीजमिस्तरीले विचारलं. खुशालराव नाव हाये, म्हातारा माणूस. तुयं नाव नाही सांगतलं. तो म्हणे, "व्हय बाई. फवारा बंद राहिला का मोटरीही चिरचिरतात अन् कार्बन खातात. कार्बनले हवेतली वाफ लागते. ती त्याच्या अंगावर बसते, तेच त्याचं तेल. वाफ नाही तर कार्बन कोरडा घासून भुकटी होते."

पाण्यात बुडव नाही म्हणत मी. फार ओल झाली का लोखंड गंजते, ते आमच्याकडेही होते. पण तुया पेटीत तर थेंबभर वाफ तू ठेवली नाही. एक दिवस ते खडे काढून ठेव अन् पाह्य.

पोटभर जेवत जा. गिलासाची गोष्ट वाचून मले झोप नाही.

तुयी बाई

अकोला,
१४ जुलै १९६३

बाई,

दीड महिना उत्तर देलं नाही. रागावू नको. तुझं पत्र वाचून मी हसलो होतो, हे आता कबूल करतो. मनात म्हटलं, बाईले विलायती यंत्र म्हणजे सुताची लडी वाटली. अन् भीतीही वाटली. परिपत्रकात खडे ठेवा असं लेखी हाये. चौकशी चालू असताना ते बाहेर काढले अन् कोणी पाहिलं, तर चोरीसोबत हुकूम मोडल्याचाही गुन्हा. म्हणून हात लावला नाही.

२९ मेले मले मोटरीवरून काढलं. किल्ल्या घेतल्या, शेगडीही घेतली. तेव्हापासून खोलीबाहेर स्टुलावर बसवून ठेवतात. काम नाही, वाचायचं नाही, उठायचं नाही. मोटर आता सहदेवकडे. सहदेव स्वभावानं मोकळा. खडे भाजायचा त्याले कंटाळा, पेटीचं झाकणही उघडंच टाकते. खडे जूनमध्येच गुलाबी पडले, मी दारातून पाहत होतो. अन् तेव्हापासून कार्बन झिजणं थांबलं!

पाहिलंस काय झालं? १० जुलैले नागपूरचे चौकशीसाहेब आले. किसनरावांनी त्यांच्यासमोर हिशेबाची वही नाही, सरळ मोटरच उघडून ठेवली. दीड महिन्याचे कार्बन, जवळपास नवे. म्हणाले, "साहेब, देवमनला हटवलं आणि चोरी थांबली. आणखी काय पुरावा पाहिजे?" साहेबांनी मान हलवली. बोलू तरी काय? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

खोलीवर येऊन तुझं पत्र काढलं अन् परत वाचलं. बाई, तू म्हटलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. माझ्याच हातानं मी ते कार्बन खाऊन टाकले. जितका इमानदारीनं वागलो तितका चोर ठरत गेलो.

पण आता सांगून उपयोग काय? मोर्णा नदी दोन्ही काठ भरून चालली हाये, भिंतीले ओल हाये, कपडे वाळत नाहीत. उन्हाळ्याची कोरडी हवा आता मी कोठून आणून दाखवू? अन् उन्हाळा येईपर्यंत निकाल लागून जाईल. साहेब ऑगस्टमध्ये शेवटचे येणार.

दार बंद झालं, बाई.

देवमन

अमरावती,
२१ जुलै १९६३

बैताडा,

कोरडी हवा कोठून आणू म्हणतो? चार महिने तूच तर बनवून राहिला होता पेटीत! पाऊस बाहेर पडते, पेटीत नाही पडत. भाजलेले खडे टाक, झाकण मेणानं बंद कर, झाला तुया उन्हाळा तयार.

पण तू हात लावू नको. तुया हात लागला का पुन्हा तेच. सायबाले म्हण, तुमच्या हातानं नवे कार्बन मोजून बसवा. एक मोटर बंद पेटीत, तुमच्यासमोर भाजलेल्या खड्याइसोबत. दुसरी उघडी. दोन्हीले एकाच पाकिटातले कार्बन. पेटीले लाखेची मोहर तुमची लावा. आठ दिवस चालू ठेवा. अन् म्हण, मी पायरीवर बसून राहतो, मले आत येऊ देऊ नका.

खुशालराव म्हणते, आठ दिवसात समजून जाईन. आता त्याले म्या सारं सांगून टाकलं. त्यानं ऐकून चष्मा पुसला अन् म्हणे, "पोट्ट्याले म्हणा, घाबरू नको."

घाबरून तर मी राहिली. नाही झिजलं तर? तर मी चुकली, अन् तू साऱ्याइच्या समोर चोर ठरशील, तेही माया सांगण्यावरून. पण तसाही तू स्टुलावर बसून चोरच ठरून राहिला ना? मंग विचारून तरी पाह्य.

बाई

अकोला,
१८ ऑगस्ट १९६३

बाई,

सांगण्यासारखं लय हाये. क्रमानं सांगतो.

५ तारखेले साहेब आले. मी तू लिहिलं तसंच त्यांना बोललो. किसनराव म्हणाले, वेळ काढतो आहे. साहेबांनी विचारलं, "हे तुला कोणी सुचवलं?" जुना मी असतो तर म्हटलं असतं पुस्तकात वाचलं. म्हटलं, "माझी बहीण. बडनेऱ्याला गिरणीत रिळावर आहे." ते हसले. पण हसल्यावर म्हणाले, करून पाहू.

त्यांनी स्वतः पट्टीनं कार्बन मोजले, स्वतः शेगडीपाशी बसून खडे निळे होईपर्यंत भाजले. घामानं सदरा चिंब झाला त्यांचा. पेटीवर लाख लावली. केंद्रातली राखीव मोटर बाजूले, उघडी. आठ दिवस त्यांनीच खोलीची किल्ली खिशात ठेवली. मी स्टुलावर. पहिले दोन दिवस काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी बंद पेटीतून चिरचिर सुरू झाली. बाई, त्या आवाजाले मी चार महिने शिव्या देल्या होत्या. त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं.

१३ तारखेले मोहर तोडली. झाकण उघडलं तर आत सारं काळं. कार्बन अर्ध्याहून कमी राहिले होते. उघड्या मोटरीचे पट्टीवर फरक दिसेना. किसनराव बाहेर निघून गेले. साहेबांनी बोटावर पूड घेतली अन् उजेडाकडे धरली. मंग हळू म्हणाले, "यवतमाळलाही अशीच पूड होती. मी ती फुंकून टाकली."

यवतमाळच्या केंद्रावर गोवर्धन नावाचा माणूस होता. हाच आरोप. याच साहेबांनी चौकशी केली अन् जूनमध्ये त्याले नोकरीवरून काढलं.

दुसऱ्या दिवशी मले बोलावलं. कागद तयार होता. कार्बन हलक्या प्रतीचे निघाले, देवमनचा दोष नाही. "खाली सही कर आणि सोमवारपासून कामावर ये." मी म्हटलं, "साहेब, दोन्हीले एकाच पाकिटातले होते." ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण परिपत्रक चुकलं असं लिहिलं, तर ज्यांनी ते काढलं त्यांच्यापर्यंत जावं लागतं. वर्ष लागेल. तोवर तू निलंबित राहशील. शहाणा असशील तर सही कर."

मी विचारलं, "यवतमाळचे कार्बन?"

"तपासले होते. चांगले होते."

"मग गोवर्धन?"

"ती फाईल बंद झाली."

हातात लेखणी होती, बाई. एक सही अन् मी बाहेर. पण माझे कार्बन हलके असं मी लिहून देलं, तर त्याचे चांगले होते अन् तो चोर होता, हेही मीच लिहून देतो ना? अन् परिपत्रक तसंच राहते. पुढच्या उन्हाळ्यात बुलडाण्याचा कोणीतरी स्टुलावर बसते.

सही नाही केली. दुसऱ्या कागदावर जे झालं ते लिहून देलं अन् त्याच्याखाली सही केली. साहेबांनी तो कागद घेतला. फाडला नाही.

आता निलंबित हावो. अकोला सोडायची बंदी कायम. लय भीती वाटून राहिली. तुले विचारल्याबिगर केलं, म्हणून जास्त वाटून राहिली. तू काय म्हणशील?

देवमन

अमरावती,
२६ ऑगस्ट १९६३

देवमन,

काय म्हणीन? पत्र वाचलं अन् कपाळावर हात मारला. सोन्यासारखं दार उघडलं होतं, अन् तू आतून लावून घेतलं! दोन दिवस मी मनातल्या मनात तुले शिव्या देल्या. तुया भावजी म्हणे, पोरानं जवानीत वर्ष वाया घालवलं. म्या म्हटलं, त्याले अक्कल म्याच शिकवली नाही. माहेरी आलेल्या ललितानं पत्र हातातून घेतलं, वाचलं, अन् परत घडी करून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी रिळावर उभी होती. फवारा चालू होता. मनात एकच येऊन राहिलं, का त्या गोवर्धनच्या घरी कोणी असंन. बायको असंन, माय असंन. तिच्या घरी तर मोहर कोणी तोडली नाही. तिचा माणूस घरी आला अन् म्हणाला असंन, म्या चोरी नाही केली. अन् तिनं व्हय म्हटलं असंन. पण मनातून? मी तुयी सख्खी बहीण, तुले अंगाखांद्यावर खेळवलेलं. आज तुले खरं सांगतो, मे महिन्यात तुयं ते पत्र आलं तवा एक रात्र माया मनातही येऊन गेलं होतं, का देवमननं खरंच काही केलं तर नसंन. एकच रात्र. पण आलं होतं. तिच्या तर अशा तीन महिने रात्री झाल्या असतीन.

सही केली नाही ते बरं केलं. आता मले पुन्हा विचारू नको, नाहीतर माया विचार बदलंन.

गिरणीतून मी दर पंधरवड्याले यष्टीनं येईन. तुले सोडत नाहीत ना अकोल्याबाहेर, मले तर आत येऊ देतात. खुशालरावही एकदा येतो म्हणते. त्याले सायबासमोर उभं राहायचं हाये.

एक काम कर. यवतमाळच्या त्या गोवर्धनचा पत्ता मिळव अन् त्याच्या घरवालीचं नाव मले कळव. तिले पत्र लिहून ठेवलं हाये, फक्त वरचं नाव लिहायचं राहिलं. लंबं नाही लिहिलं. पेटी, खडे, लाखेची मोहर, सारं सांगतलं, अन् खाली लिहिलं का बाई, तुया नवऱ्यानं चोरी नाही केली. सरकारचं लेखी येईन तवा येईन. माया कागद आधी जाऊ दे तिच्या हातात.

तुयी बाई,
भागीरथा